अल्पभारी अर्भकांतील नायट्रोजन-चयापचय

अल्पभारी अर्भकांतील नायट्रोजन-चयापचय : जन्माच्या वेळी ज्यांचे वजन २,५०० ग्रॅ.पेक्षा कमी असते, अशी अर्भके आहारातील नायट्रोजन पचवून शोषून घेतात, त्यातून शरीरातील ऊतके (समान रचना व कार्य असणारे पेशीसमूह) उभारतात आणि उरलेला नायट्रोजन उत्सर्जित करतात. या सर्व भौतिक व रासायनिक घडामोडींचा येथे विचार केला आहे. आहारातील बहुतेक नायट्रोजन प्रथिनांतून मिळत असल्यामुळे हा विषय म्हणजे मुख्यतः प्रथिनांच्या पचनाचा व उपयोगाचा विषय होय. अर्भकाने गिळलेले प्रथिन आणि त्याच्या वाढीस लागलेले प्रथिन या दोन भिन्न राशी असून त्यांतील अंतर कशामुळे पडते, हे समजून घेणे अशा अर्भकांच्या आहाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. प्रथिन कमी पडल्यास वाढ, विशेषतः मेंदूची वाढ, खुंटते; ते फार झाल्यास अपक्व यकृत व वृक्क (मूत्रपिंड) यांवर न पेलणारा भार पडतो. सुरक्षित मर्यादा या दोहोंच्या मध्ये असून ती बरीच अरुंद आहे.

वर्गीकरण : पूर्वी २,५०० ग्रॅ. वा त्याहून कमी वजनाच्या सर्व अर्भकांना ‘अकालजात’ म्हणत असत. तथापि कमी वजनाची कारणे एकाच प्रकारची नसतात हे लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६१ मध्ये त्याऐवजी ‘अल्पभारी’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली. या अर्भकांचे दोन प्रमुख वर्ग पडतात : (१) गर्भावधीचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेली अकालजात अर्भके व (२) गर्भाशयातच वाढ खुंटल्यामुळे गर्भावधीच्या मानाने लहान राहिलेली अर्भके. काही अर्भके दोन्ही वर्गांत मोडतात. १,५०० ग्रॅ.पेक्षा कमी वजनाच्या अर्भकांस अत्यल्पभारी म्हणतात. पहिल्या वर्गातील अर्भकांची इंद्रिये अपक्व असतात, तर दुसऱ्या वर्गातील पूर्ण दिवसांच्या अर्भकांची इंद्रिये बऱ्याच अंशी पक्व असून शरीरातील ऊतकांचा साठा अपुरा असतो. त्यामुळे दोहोंच्या नायट्रोजन-चयापचयात फरक आढळतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सु. १ कोटी ९८ लाख, म्हणजे एकूण जन्मलेल्यांपैकी १४·७ टक्के, अर्भके अल्पभारी होती.

गर्भावस्थेतील पुरवठा : गर्भाला नायट्रोजन मुख्यतः ॲमिनो अम्लांच्या रूपात वारेतून व नाळेवाटे अखंड मिळत असतो. वार ही ॲमिनो अम्ले मातेच्या रक्तातून ऊर्जा खर्च करून उचलते. त्यामुळे गर्भाच्या रक्तातील त्यांचे प्रमाण मातेच्या रक्तातल्यापेक्षा जास्त असते. त्यांतील काही भाग गर्भ इंधन म्हणून वापरतो व तयार झालेला यूरिया वारेतूनच मातेकडे जातो. म्हणजे पचन आणि उत्सर्जन ही दोन्ही कामे गर्भासाठी माताच करीत असते. गर्भावधीच्या शेवटच्या तिमाहीच्या पूर्वार्धात गर्भाच्या शरीरात दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. २ ग्रॅ. प्रथिनाची, म्हणजे सु. ३२० मिग्रॅ. नायट्रोजनाची, भर पडते. पुढे वाढीचा सापेक्ष वेग मंदावतो व हे प्रमाणही उतरते. सव्विसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या अर्भकाच्या बाबतीत हा पुरवठा नाळ कापताक्षणी तुटतो आणि जी कामे आणखी तीन महिने माता करणार होती ती अर्भकाच्या आतड्याला, यकृताला व वृक्कांना अंगावर घ्यावी लागतात. सु. १ किग्रॅ. वजनाच्या अशा अर्भकाच्या शरीरात सु. ८५ ते ९० ग्रॅ. एवढेच प्रथिन असते. त्याला केवळ ग्लुकोज दिल्यास त्यातून रोज १ ग्रॅ. वा त्याहून जास्त प्रथिन खर्ची पडते. याच काळात गर्भाशयात २ ग्रॅ. प्रथिनाची भर पडली असती हे लक्षात घेतले, म्हणजे अशा प्रत्येक दिवसाची तूट किती मोठी असते याची कल्पना येते.

मापन : पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची प्रमाणभूत पद्धत डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधून काढली. प्रथिनांत सरासरीने १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून नायट्रोजनाच्या वजनाला ६·२५ ने गुणून प्रथिनाचे वजन काढतात. नायट्रोजन-समतोलाच्या प्रयोगात ठराविक काळातील आहार, मल व मूत्र यांतील नायट्रोजन मोजतात. आहारातील नायट्रोजनातून मलातील नायट्रोजन वजा केल्यास शोषण झालेला आणि त्यातून मूत्रातील नायट्रोजन वजा केल्यास शरीरात राहिलेला नायट्रोजन मिळतो. उदा., दर किग्रॅ. वजनामागे रोज ३·५ ग्रॅ. प्रथिन, म्हणजे ५६० मिग्रॅ. नायट्रोजन, घेणाऱ्या व नीट वाढणाऱ्या अर्भकाच्या मलावाटे सु. ८० मिग्रॅ. व मूत्रावाटे सु. १२० मिग्रॅ. नायट्रोजन बाहेर पडला, तर सु. ३६० मिग्रॅ. शरीरात राहतो. तो सु. २·२५ ग्रॅ. प्रथिनाइतका असून गर्भाशयातील वाढीच्या जवळपास येतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. सांडलेले वा ओकलेले दूध आणि कपड्यात मुरलेले मूत्र यांमुळे शरीरात राहिलेला नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा जास्त भासतो. शिवाय मलातील सर्व नायट्रोजन न पचलेल्या अन्नाचा नसतो. पाचक रस, आतड्याच्या अस्तरातील गळून पडलेल्या पेशी व जंतू यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून वजाबाकीने मिळणारे शोषण हे ‘दृश्य’ शोषण असते, खरे शोषण त्याहून अधिक असते. शरीरातील प्रथिनांची घडण व मोड किती वेगाने होते हे नुसत्या समतोलावरून कळत नाही. त्यासाठी नायट्रोजन (१५) या स्थिर, किरणोत्सर्गी नसलेल्या समस्थानिकाने (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या त्याच मूलद्रव्याच्या प्रकाराने) युक्त अशी ॲमिनो अम्ले देऊन त्यांचा माग काढतात.

पचन व शोषण : पहिल्या काही दिवसांत अकालजात अर्भकाच्या जठरात अम्ल व पेप्सीन कमी स्रवते. वारंवार दिलेल्या दुधामुळे ते अम्लही निष्प्रभ होते, त्यामुळे जठरात प्रथिनांचे पचन थोडेच होते. अग्निपिंडातून येणारे निष्क्रिय ट्रिप्सिनोजेन आतड्यातील एंटेरोकायनेज या एंझाइमामुळे क्रियाशील होते. या एंझाइमाची क्रियाशीलताही अशा अर्भकांत कमी असते. असे असूनही दुधातील सु. ८५ ते ९० टक्के नायट्रोजन शोषला जातो. याचे कारण असे, की पेप्टाइडांचे (ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्यांचे) विघटन करणारी आतड्याच्या अस्तरातील एंझाइमे आणि ॲमिनो अम्ले व आखूड पेप्टाइडे पेशींत वाहून नेणाऱ्या यंत्रणा गर्भावस्थेतच बऱ्याच विकसित झालेल्या असतात. मेदाच्या पचनापेक्षा प्रथिनांच्या पचनात अकालजात अर्भक अधिक समर्थ असते.

मातेच्या दुधावर वाढणाऱ्या अर्भकाच्या मलात नायट्रोजनाचे प्रमाण काही वेळा कृत्रिम दुधावरील अर्भकापेक्षा जास्त आढळते. यावरून मानवी दूध पचण्यास कमी प्रतीचे ठरत नाही. त्यातील स्रावी प्रतिरक्षक ग्लोब्युलीन व लॅक्टोफेरीन ही प्रथिने पचनाला दाद देत नाहीत व त्यांचा काही भाग तसाच मलात उतरतो. आतड्याचे रोगजंतूंपासून संरक्षण करणे हे त्यांचे कार्य आहे आणि न पचण्यामुळेच ते साधते. वाढीच्या हिशोबात तोट्याच्या बाजूस पडणारा हा नायट्रोजन अशा रीतीने वाया गेलेला नसतो.

शरीरातील उपयोग : शोषलेली ॲमिनो अम्ले प्रथम यकृतात पोचतात, मात्र त्यांतील बराच भाग वाटेत आतड्याच्या पेशीच वापरतात. अर्भकाच्या शरीरात प्रथिने सतत घडत व मोडत असतात. अकालजात अर्भकात दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. १० ते १४ ग्रॅ. प्रथिन घडते; प्रौढात हे प्रमाण सु. ३ ते ४ ग्रॅ. असते. घडण व मोड यांतील फरक म्हणजे वाढ होय. १ ग्रॅ. प्रथिनाची निव्वळ भर पडण्यासाठी सु. ५ ग्रॅ. प्रथिन घडवावे लागते. त्यामुळे वाढ ही ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडणारी क्रिया आहे.

गर्भावधीच्या मानाने लहान राहिलेल्या अर्भकांत प्रथिनांची घडण व मोड दोन्ही मंद वेगाने होत असल्याचे आढळले आहे. म्हणजे तितकीच भर घालण्यासाठी ती अर्भके उलाढाल कमी करतात.

प्रौढाच्या आहारात अनावश्यक मानली जाणारी काही ॲमिनो अम्ले अकालजात अर्भकाला आहारातूनच मिळावी लागतात. मिथिओनिनापासून सिस्टीन तयार करणाऱ्या मार्गातील सिस्टॅथिओनेज हे एंझाइम गर्भाच्या यकृतात आढळत नाही, असे १९७० च्या सुमारास दिसून आले. त्यामुळे सिस्टिनाचा पुरवठा आहारावर अवलंबून असतो. उलट टायरोसिनाचे विघटन करण्याची क्षमता कमी असल्याने ते रक्तात साठते. क जीवनसत्त्व दिल्यास हा दोष कमी होतो, असे एस्. झेड्. लेव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ च्या सुमारास दाखविले होते. म्हणून प्रथिन किती दिले इतकेच ते कोणत्या ॲमिनो अम्लांचे बनलेले आहे, यालाही महत्त्व असते.

ऊर्जेशी संबंध : ऊर्जा अपुरी असेल, तर ॲमिनो अम्ले इंधन म्हणून जाळली जातात व त्यांचा नायट्रोजन यूरियाच्या रूपाने मूत्रात जातो. अशा वेळी प्रथिन वाढवून फारसा लाभ होत नाही. उलट प्रथिन अपुरे असताना ऊर्जा वाढविल्यास वजन वाढते, पण ती वाढ मुख्यतः मेदाची असते. वजनकाट्याला हा भेद कळत नाही. म्हणून डोक्याचा घेर व लांबी यांचीही नोंद ठेवतात. अर्भकाला थंडी वाजल्यास शरीर उबदार राखण्यासाठी बरीच ऊर्जा खर्च होते. मातेच्या उघड्या छातीशी अर्भकाला त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८-७९ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. तिच्यामुळे ही ऊर्जा वाचते, स्तनपानासही मदत होते आणि वाढीला हातभार लागतो.

यकृत व वृक्क यांच्या मर्यादा : ॲमिनो अम्लांच्या विघटनातून निघणारा अमोनिया मेंदूला विषारी असून यकृत त्याचे यूरियात रूपांतर करते. यासाठी लागणारी एंझाइमे अकालजात अर्भकात असतात, परंतु त्यांची क्षमता मर्यादित असते. वृक्कांची रक्त गाळण्याची व अम्ल बाहेर टाकण्याची शक्तीही कमी असते. त्यामुळे पेलण्यापलीकडे प्रथिन दिल्यास रक्तातील अमोनिया, यूरिया व काही ॲमिनो अम्ले वाढतात आणि अम्लरक्तता उद्भवते. रक्तातील यूरियाच्या पातळीवरून प्रथिनाचा अंदाज बांधण्याची पद्धत यावरच आधारलेली आहे. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ही पातळी शरीरातील पाण्याच्या प्रमाणावर व वृक्कांच्या स्थितीवरही अवलंबून असल्याने त्या काळात ती प्रथिनाची विश्वसनीय निदर्शक नसते.

मतांतरांचा इतिहास : किती प्रथिन द्यावे याविषयीचे वैद्यकीय मत विसाव्या शतकात दोनदा पालटले. एच्. एच्. गॉर्डन, लेव्हीन व एच्. मॅक्नामारा यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत केलेल्या तुलनेत मातेच्या दुधापेक्षा मेद कमी केलेल्या गायीच्या दुधावर अकालजात अर्भकांचे वजन अधिक वेगाने वाढलेले दिसले. त्यानंतर प्रथिनबहुल कृत्रिम दूध देण्याची प्रथा रूढ झाली. गायीच्या दुधात प्रथिनांबरोबर खनिजेही जास्त असतात व त्यांच्यासोबत शरीरात पाणी साठते, त्यामुळे वाढलेले वजन म्हणजे सर्व नवे ऊतक नव्हे, ही गोष्ट पुढे ध्यानात आली.

एच्. आय्. गोल्डमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेत २ टक्के व ४ टक्के प्रथिन असलेल्या दुधांची तुलना केली. तिचे निष्कर्ष १९६९ पासून प्रसिद्ध झाले. अधिक प्रथिन घेणाऱ्या अर्भकांत ज्वर, मंदपणा व दूध पिण्यातील निरुत्साह जास्त आढळला. जन्मवजन १,३०० ग्रॅ.पेक्षा कमी असलेल्या मुलांत पुढील काही वर्षांनी बुद्धिगुणांक कमी असण्याचे व डोळ्यांच्या तिरळेपणाचे प्रमाणही जास्त दिसले. त्या अर्भकांना दर किग्रॅ. वजनामागे रोज ६ ग्रॅ.हून अधिक प्रथिन मिळत होते. एन्. सी. आर्. रैहा, जी. ई. गॉल व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हेलसिंकी येथील अभ्यासात प्रथिनाच्या प्रमाणाबरोबर त्याच्या प्रकाराचाही विचार झाला. केसीन जास्त असलेल्या दुधामुळे, विशेषतः त्यातील प्रथिनही जास्त असताना, चयापचयातील बिघाड अधिक दिसले. मानवी दुधाप्रमाणे निवळीतील प्रथिनांचे प्रमाण जास्त ठेवल्यास ते कमी होते. यानंतर कृत्रिम दुधांची रचना बदलली.

यावरून प्रथिन जितके कमी तितके सुरक्षित, असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरले. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन ल्यूकस व सहकाऱ्यांनी अकालजात अर्भकांना नेहमीचे कृत्रिम दूध व प्रथिने, ऊर्जा आणि खनिजे वाढविलेले दूध यांची तुलना केली. नेहमीच्या दुधावर राहिलेल्या मुलांचा विकास दीड वर्षाच्या वयात मागे होता. सात-आठ वर्षांच्या वयात, विशेषतः मुलग्यांत, त्यांच्या भाषिक बुद्धिगुणांकातही उणेपणा आढळला. जन्मानंतरच्या काही आठवड्यांतील आहाराचा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो, हे या अभ्यासाने दाखविले.

मानवी दूध : मानवी दुधातील एकूण नायट्रोजनापैकी सु. २० ते २५ टक्के नायट्रोजन प्रथिनांतला नसून यूरिया, मुक्त ॲमिनो अम्ले इ. पदार्थांतला असतो. म्हणून एकूण नायट्रोजनाला ६·२५ ने गुणून येणारा प्रथिनाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा येतो. अकाली प्रसूत झालेल्या मातांच्या दुधात पहिल्या काही आठवड्यांत नायट्रोजन अधिक असतो, असे स्टेफनी ॲटकिन्सन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कॅनडात दाखविले. परंतु हे प्रमाण आठवड्यागणिक उतरत जाते. परिपक्व दुधाच्या १०० मिलि.मध्ये सु. १ ग्रॅ. प्रथिन असते. असे दूध दर किग्रॅ. वजनामागे रोज १८० मिलि. दिले, तरी सु. १·८ ग्रॅ.च प्रथिन मिळते. अत्यल्पभारी अर्भकाची गरज मात्र याच्या दुप्पट असते.

असे असूनही मातेचे दूध हेच अल्पभारी अर्भकाचे श्रेष्ठ अन्न मानतात. त्यामुळे जंतुसंसर्ग आणि आतड्याचा ऊतकनाशी दाह या घातक रोगाचा धोका कमी होतो. त्यातील प्रथिनांची उणीव दूध टाळून नव्हे, तर अत्यल्पभारी अर्भकांच्या बाबतीत त्यात प्रथिने व खनिजे असलेले पूरक मिसळून भरून काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील शिफारशींनुसार असे पूरक सर्व अल्पभारी अर्भकांना सरसकट देण्याची गरज नाही. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या वा १,५०० ग्रॅ.पेक्षा कमी वजनाच्या अर्भकांसाठी त्याचा विचार करता येतो.

मातेचे दूध उपलब्ध नसल्यास अन्य मातांचे दान केलेले दूध देतात. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मानवी दूधपेढी स्थापन झाली. ती आशियातील पहिली समजली जाते. अशा पेढ्यांत सामान्यतः दूध ६२·५° से. तापमानाला ३० मिनिटे तापवून जंतुरहित करतात. या क्रियेत नायट्रोजनाचे एकूण प्रमाण फारसे बदलत नाही, परंतु संरक्षक प्रथिनांचा काही अंश निष्क्रिय होतो व मेदाचे पचन करणारे दुधातील एंझाइम नष्ट होते. दात्या मातांच्या प्रसूतीला पुष्कळदा बरेच दिवस लोटलेले असल्याने या दुधात प्रथिनही कमी असू शकते.

सध्याचे प्रमाण : यूरोपातील बालपोषणतज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये अकालजात, अत्यल्पभारी अर्भकांसाठी दर किग्रॅ. वजनामागे रोज ३·५ ते ४ ग्रॅ. प्रथिनाची व ११५ ते १४० किलोकॅलरी ऊर्जेची शिफारस केली. वाढ मंद असल्यास प्रथिन ४·५ ग्रॅ.पर्यंत नेता येते. फार लहान अर्भकांना तोंडावाटे वा नळीने पुरेसे दूध देता येईपर्यंत ॲमिनो अम्ले पहिल्या दिवसापासूनच शिरेवाटे देतात. तथापि येथेही अतिरेक लाभत नाही. १,००० ग्रॅ.पेक्षा कमी वजनाच्या अर्भकांना पहिले पाच दिवस शिरेवाटे रोज १ ग्रॅ. अधिक ॲमिनो अम्ले देऊन पाहण्याचा प्रयोग न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या वयात अपंगत्वाविना जगलेल्या मुलांच्या प्रमाणात त्यामुळे वाढ झाली नाही. नव्या पेशी बनताना नायट्रोजनाबरोबर फॉस्फेट व पोटॅशियम हेही रक्तातून उचलले जातात. त्यांची जोड न मिळाल्यास रक्तातील त्यांची पातळी धोकादायक रीत्या उतरते, हे अशा आहारात ध्यानात ठेवावे लागते.

भारतातील स्थिती : भारतात अल्पभारी अर्भकांत गर्भाशयात वाढ खुंटलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तेथील अर्भकांचे सरासरी जन्मवजन सु. २·७ किग्रॅ. आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांशी तुलना करता पुण्याच्या अर्भकांत स्नायू व उदरातील इंद्रिये लहान होती, पण त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. शरीरातील नायट्रोजनाचा मोठा साठा स्नायूंत व इंद्रियांत असतो. म्हणजे या अर्भकांत उणीव आहे ती मुख्यतः नायट्रोजनयुक्त ऊतकांची. अशा अर्भकांचे केवळ वजन झपाट्याने वाढविल्यास भर मेदाचीच पडण्याचा आणि पुढील आयुष्यात मधुमेहासारख्या रोगांचा संभव वाढतो. म्हणून मातेचे दूध, पुरेशी ऊब व संसर्गापासून संरक्षण यांवर भर देऊन, अत्यल्पभारी अर्भकांना आवश्यक तेवढेच जादा प्रथिन पुरविणे हे या अर्भकांच्या संगोपनाचे धोरण असते. गर्भवती स्त्रीचे पोषण सुधारणे हा मात्र या प्रश्नावरील मूलगामी उपाय होय; कारण वारेवाटे मिळणाऱ्या नायट्रोजनाची बरोबरी करणारा पुरवठा जन्मानंतर कोणत्याही मार्गाने पूर्णपणे साधत नाही.